खोडरबर

मी त्या वस्तीवर हजर झालो तेव्हा शाळेला दोन खोल्या होत्या आणि त्यातली एक गळत होती. बीड जिल्हा, पाटोदा तालुका. बालाघाटाचा माळ. आम्ही दोघं शिक्षक. पहिली-दुसरी मोठे गुरुजी बघायचे, तिसरी-चौथी माझ्याकडं. पट कागदावर अडतीस, आणि दसऱ्यापर्यंत तो खराही असायचा. दसरा झाला की मुकादमांचे ट्रक लागायचे. भांडीकुंडी, कोंबड्या, शेळ्या, लेकरं असं सगळं वर चढायचं आणि शाळेत दहा-बारा पोरं उरायची. बाकीची पाडव्याच्या पुढंमागं, कारखान्याचा पट्टा पडला की उन्हानं काळी होऊन परत यायची. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती सहा महिने ऊस तोडून फेडायची. फिटली तर फिटली.

मी डी.एड. करून आलेला नवा मास्तर. पाठ टाचण सुबक, फळ्यावरचं अक्षर त्याहून सुबक. निबंध शिकवायचा म्हणजे काय, याबद्दल मला तेव्हा काडीची शंका नव्हती. मी फळ्यावर लिहायचो, पोरं वहीत उतरवून घ्यायची. 'माझा आवडता प्राणी' असेल तर गाय. गाईला चार पाय असतात, दोन शिंगे असतात, गाय आपल्याला दूध देते. एका पोराची गाय एका शिंगाची होती. दुसरं शिंग बैलाशी झुंजताना मोडलेलं. तो रोज सकाळी तिला माळावर सोडून शाळेत यायचा. त्यानंही दोन शिंगे लिहिली. मी त्याला 'उत्तम' असा शेरा दिला, खाली सही, तारीख.

आमच्याकडं शुद्धलेखन या शब्दाचा अर्थच मुळी 'पुस्तकातलं एक पान बघून लिहिणं' असा होता. अजूनही बऱ्याच घरांतून तोच आहे. शुद्ध म्हणजे दुसऱ्याचं. हे मला तेव्हा असं सांगता आलं नसतं.

दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी, एप्रिलमध्ये, परत आलेल्या पोरांना काय शिकवावं ते सुचेना म्हणून मी म्हणालो, "तिकडं काय बघितलं ते लिहा." हातात पाठकोरे कागद दिले. तालुक्याच्या कचेरीत एका बाजूनं छापलेली परिपत्रकं रद्दीत निघायची, ती मी पिशवी भरून आणून ठेवायचो. चौथीतल्या एका पोरीनं अर्धं पान लिहिलं. तिचं नाव सांगत नाही. ते असं होतं:

"मपली माय तीनला उठती. कोपीत उजेड नसतो. भाकरीचा आवाज येतो मंग मला कळतं का ती उठली. म्या डोळे झाकून घेती. डोळे उघडले का ती म्हणती चल."

पुढं आणखी होतं, मोळ्या बांधायचं आणि वाढं विकायचं. मी लाल पेन काढला. 'मपली माय'ची 'माझी आई' केली. 'कोपीत'ची 'झोपडीत' केली. भाकरीच्या आवाजाचं वाक्य मला विचित्र वाटलं, ते काढलं. डोळे झाकायचं तर काढलंच. त्या जागी लिहिलं, 'मी पण आईला कामात मदत करते.' मग तिच्याकडून ते पक्क्या कागदावर चांगल्या अक्षरात उतरवून घेतलं आणि केंद्राच्या निबंध स्पर्धेत पाठवलं. नंबर आला. कंपासपेटी मिळाली.

परिपाठाला मी तो निबंध सगळ्यांपुढं वाचला. ती पुढं उभी. वाचून झाल्यावर टाळ्या झाल्या आणि ती मला हळूच म्हणाली, "गुर्जी, ह्ये म्या न्हाई लिव्हलं."

मी हसलो. "तूच लिहिलंस की. मी नुसतं शुद्ध केलं."

"म्या मदत करीत नसती. म्या झोपायचं सोंग घेती."

पोरं खो खो हसली. मीही हसलो. ती मात्र हसली नाही. कंपासपेटी घेऊन जागेवर जाऊन बसली.

त्या संध्याकाळी मी तिचा कच्चा कागद हुडकून काढला. मला तिचं मूळचं वाचायचं होतं. पण माझी रेघ इतकी जाड आणि इतक्या वेळा गिरवलेली, की खालचं काही दिसेना. शेवटी कागद कंदिलापुढं धरून, मागच्या बाजूनं पेन्सिलचे उठलेले वळ बघत बघत मी ते पाच-सहा ओळींचं लिखाण लावलं. वर दिलंय ते तसं लावलेलं आहे. वाढ्यांचं काय लिहिलं होतं ते लागलंच नाही. पुढच्या दसऱ्याला ती ट्रकमध्ये बसून गेली ती धाकट्या भावाला सांभाळायला म्हणून तिकडंच राहिली. आली तेव्हा शाळेच्या वयाची राहिली नव्हती. तिला दुसऱ्यांदा लिहायला सांगायचं माझं राहून गेलं.

त्या कागदापासून मी दोन नियम केले. पहिला माझ्यासाठी: पोराच्या कागदावर मास्तरानं पेन टेकवायचा नाही. दुसरा पोरांसाठी: खोडायचं तर एकच बारीक रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. दुसरा नियम पाळायचा तर खोडरबर घालवणं भाग होतं. आमच्या पोरांचं खोडरबरावर भारी प्रेम. बाजारातून आणलेले, फळांच्या आकाराचे, वासाचे. खोडण्यापेक्षा हुंगायला आणि चावायला जास्त. ज्याच्याकडं नसेल तो बोटाला थुंकी लावून खोडायचा आणि कागदाला भोक पाडायचा. एक शब्द चार वेळा खोडून पाचव्यांदा तोच लिहिलेला मी बघितलाय. आणि असं खोडत बसणारं पोर तासाभरात दोन ओळींच्या पुढं जात नसे. मी सतरा रबर गोळा केले, खडूच्या रिकाम्या खोक्यात टाकले आणि टेबलाच्या खणात ठेवले. वर्षाच्या शेवटी परत देईन म्हणून सांगितलं. दोघं रडले.

कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी १९८५मध्ये काढलेल्या सृजन आनंद विद्यालयाबद्दल मी तोवर वाचलं होतं. मुलांना आपल्या शब्दांत लिहू द्यावं, हे मला तत्त्व म्हणून पटत होतं. पण लिहू द्यावं, पुढं काय? पहिल्यांदा लिहिलेलं पाचच ओळींचं असतं आणि त्यातल्या तीन पुस्तकातल्या असतात. ते दुसऱ्यांदा लिहायला लावायचं, आणि तेही 'चुकलं म्हणून' नव्हे. हे कसं करायचं ते मला कुणी सांगितलं नाही. ते पोरांनीच सांगितलं म्हणायला हरकत नाही.

एका पोराची शेळी मेली होती. त्यानं लिहिलं: 'आमची शेळी मेली. ती चांगली होती. मला वाईट वाटले.' झालं, संपलं. मी त्या कागदावर काय बोलावं या विचारात, तेवढ्यात शेजारच्यानं कागद ओढून मोठ्यानं वाचला आणि विचारलं, "कव्हा मेली?"

"राती."

"तू कुठं व्हतास?"

"झोपलेलो."

"मंग तुला कसं कळलं?"

"सकाळी दावं मोकळंच पडलेलं. आन् आजा टिकाव घिऊन चाल्ला व्हता."

मी म्हणालो, "अरे, हेच लिही की."

त्यानं दुसऱ्या कागदावर दावं आणि टिकाव लिहिला. शेजाऱ्यानं पुन्हा विचारलं, टिकाव कशाला? मग तिसऱ्या कागदावर खड्डा आला, आणि आजानं शेळीच्या गळ्यातली घंटी काढून खिशात घातली ते आलं. तिसऱ्या कागदात 'मला वाईट वाटले' हे वाक्य नव्हतं. मी मनात म्हटलं, पोरगं केवढी मोठी गोष्ट शिकलं! कौतुकानं विचारलं, ते वाक्य का काढलंस? म्हणाला, "कागुद सरला गुर्जी."

असो. पण त्या दिवशी पद्धत सापडली. लिहिणाऱ्यानं स्वतः वाचायचं नाही, जोडीदारानं मोठ्यानं वाचायचं आणि लिहिणाऱ्यानं ऐकायचं. आपलं लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून आलं की ते अडखळतं कुठं ते कानाला कळतं. त्या पोरीनं 'म्या न्हाई लिव्हलं' म्हटलं होतं तेही ऐकूनच, वाचून नव्हे. जोडीदारानं चांगलं-वाईट म्हणायचं नाही, फक्त विचारायचं: कव्हा, कुठं, कोण म्हणलं, मंग? लिहिणाऱ्याला वाटलं तर उत्तर कागदावर घालायचं, नाहीतर नाही. कच्चं लिहिताना एक ओळ सोडून लिहायचं, म्हणजे मधे घालायला जागा राहते. वाक्यं पुढंमागं करायची असतील तर कागदाच्या पट्ट्या कापायच्या आणि गव्हाच्या पिठाच्या खळीनं दुसऱ्या कागदावर चिकटवायच्या. पट्ट्यांचा खेळ पोरांना फार आवडला. सुरुवात 'मी सकाळी उठलो'पासून न करताही गोष्ट सुरू होते, हे मी फळ्यावर वर्षभर सांगून कळलं नसतं ते एका कात्रीनं कळलं. खळ उंदरांनी खाल्ली आणि तिच्याबरोबर काही गोष्टीही गेल्या, तो भाग वेगळा.

ऱ्हस्व-दीर्घ सगळ्यात शेवटी. १९६२च्या नियमांप्रमाणं शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, एवढं एक चौथीच्या पोरांना समजलं तर निम्म्या चुका आपोआप जातात. पण ते पहिल्याच कागदावर सांगितलं की पोर वेलांटी बघत बसतं आणि शेळी राहून जाते. 'मपली' की 'माझी' हा प्रश्न मी त्यांच्यावर सोडला. पुस्तकातली भाषा यायलाच पाहिजे, त्याबद्दल माझं दुमत नाही, उद्या अर्ज त्याच भाषेत करायचाय. पण कुठं कोणती ते लिहिणाऱ्यानं ठरवावं. बहुतेक पोरं स्वतःचं सांगताना 'मी' लिहायची आणि माणूस बोलला की त्याच्या तोंडचं तसंच ठेवायची. हे त्यांना मी शिकवलेलं नव्हतं.

या सगळ्याला पोरांनी नावही दिलं. पहिला कागद म्हणजे नांगरट. ढेकळं निघणारच. मग कुळव फिरवायचा, ढेकळं फोडायची, धसकटं वेचायची. "गुर्जी, मपला एक कुळव झालाय, अजून एक लागंल," असं पोरगी गंभीर चेहऱ्यानं सांगायची. काही पोरं मात्र दुसऱ्या कागदाला कधीच आली नाहीत. त्यांना मी दुसरं काम द्यायचो. महिन्यात एकच लिखाण घ्यायचो, जास्त घेतलं की पोरं पुन्हा पाठ केल्यासारखं लिहायला लागायची.

एकदा तपासणीला साहेब आले. पोरांचे कच्चे कागद मी दोऱ्यात ओवून खुंटीला अडकवले होते. साहेबांनी ते चाळले आणि शेरेबुकात लिहिलं, 'लेखन अस्वच्छ. खाडाखोड फार. शिक्षकाने तपासल्याचे दिसत नाही.' तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मोठे गुरुजी मला म्हणाले, "दोन वह्या कर की बाबा. एक साहेबाची, एक तुझी." मग तसंच केलं.

पुढं हंगामी वसतिगृहं आली. आई-बाप तोडीला गेले तरी पोरानं गावातच आजी-आजोबांकडं राहायचं, शाळेतच दोन्ही वेळचं जेवायचं. वर्ग हिवाळ्यातही भरलेला राहू लागला. मोबाइल अजून वस्तीवर पोचले नव्हते. मुकादमाचा टेम्पो महिन्या-दीड महिन्यातून एखादी फेरी मारायचा. मागं राहिलेली माणसं, जोंधळ्याची पोती असं काहीबाही घेऊन जायचा. मला वाटलं, पोरांनी आई-बापाला पत्रं लिहावीत. आता वाचणारा खरा होता. पोरं हरखली. पण दुसऱ्याच दिवशी एका पोरीनं विचारलं, "मपल्या मायला वाचता येत न्हाई. वाचून कोन दावील?"

वाचून दाखवणार टोळीतला कुणीतरी शिकलेला, नाहीतर मुकादमाचा माणूस. सगळ्या कोप्यांपुढं, रात्री, मोठ्यानं. हे लक्षात आल्यावर पोरांनी आपापले कागद परत घेतले आणि कुळव सुरू झाला. असा मन लावून फिरवलेला कुळव मी आधी बघितला नव्हता. एकीनं बापाच्या दारूचं वाक्य काढलं. एकानं 'तुजी लै आठवन येती' काढून 'मी चांगला आहे' घातलं. मी विचारलं नाही.

चौथीतला एक पोरगा, आजीजवळ राहायचा. त्याच्या पहिल्या कागदावर होतं:

"आजी आंगनात पडली. तिला उठता येत नाही. रातीला कन्हती. मी पानी देतो. भाकरी मी शाळेतून नेतो."

जोडीदारानं वाचलं. काही विचारलं नाही. पोरगा बराच वेळ कागदाकडं बघत बसला आणि मग त्या पाचही वाक्यांवर त्यानं एकेक बारीक रेघ ओढली. पट्टी लावून. वर लिहिलं, 'आजी बरी आहे. काळजी करू नये.' मी त्याच्याजवळ गेलो.

"का रे काढलंस?"

"माय रडंल. समदे बघतील."

"पण आजीला बरं नाही ना?"

"आली तर खाडा पडंल, गुर्जी. उचल फिटायची न्हाई."

नऊ वर्षांचं पोर. खाडा म्हणजे बुडालेल्या दिवसाचा दंड, तो त्याला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. म्हातारी बाजेवर होती, डोळे मिटलेले, पाय सुजलेला. मला म्हणाली, "काई कळवू नगा. उतार पडंल." मी तालुक्याला दवाखान्यात न्यायचं बोललो तर तोंड फिरवलं. शेजारच्या बाईनं सांगितलं, चार दिवस पोटात काही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं पत्र पक्क्या कागदावर उतरवलं. सुंदर अक्षर. 'आजी बरी आहे.' दुपारी टेम्पो आला आणि ड्रायव्हर फाटकातूनच हॉर्न वाजवायला लागला. मी टेबलावरची पत्रं गोळा केली, घड्या घातल्या, एकेका पाकिटात भरली. त्याचे दोन्ही कागद टेबलावर होते, कच्चा आणि पक्का. मी कच्चा पाकिटात घातला.

गडबडीत घातला, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. मोठ्या गुरुजींनाही तसंच सांगितलं. पण घडी घालताना पट्टीनं ओढलेल्या त्या पाच रेघा मला दिसल्या होत्या. खालचं सगळं वाचता येत होतं. तशा रेघा ओढायला मीच शिकवलं होतं.

पाचव्या दिवशी त्याची आई आली. मिळेल त्या वाहनानं, एकटी. तिकडं टोळीत पत्र वाचणाऱ्यानं खोडलेलंही वाचलं होतं, आणि 'हे खोडलेलं हाय बरं का' असंही सांगितलं होतं. म्हातारीला बाजेवर घालून रस्त्याला आणलं, तालुक्याला नेलं, तिथून बीडला. खुब्याचं हाड मोडलेलं निघालं. म्हातारी वाचली, पुढं कुबडी घेऊन चार-पाच वर्षं हिंडली. बापाचा तिकडं अर्धा कोयता राहिला. मुकादमानं खाडे धरले, उचल फिटली नाही, आणि पुढच्या वर्षी ते जोडपं मागच्या वर्षीच्या बाकीवर पुन्हा त्याच मुकादमाकडं गेलं. बाईनं मला कधी बोल लावला नाही. उलट दवाखान्यातून आल्यावर पाया पडायला आली. मला जागेवरून उठता येईना.

पोरगा आठ दिवस शाळेत आला नाही. आला त्या दिवशी मी त्याला काही विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. दुपारच्या सुट्टीत सगळी पोरं जेवायच्या रांगेत बसली, तेव्हा तो टेबलाजवळ येऊन उभा राहिला.

"गुर्जी, मपला रबर द्या."

मी खण उघडला. खडूच्या खोक्यातले सगळे टेबलावर ओतले. त्यानं त्याचा बरोबर ओळखला. आंब्याच्या आकाराचा, एका बाजूनं दात उमटलेला. चड्डीवर पुसला आणि खिशात घातला.

त्या वर्षी इतर कुणी रबर मागितला नाही. तो एकटा खोडायचा, कागद काळा होईपर्यंत, वरची भुकटी फुंकून टाकायचा आणि मग लिहायचा. मी त्याच्या रांगेतून जाताना दुसरीकडं बघत जायचो.